हाकेला ओ

घरात कोणी एकाएकी भोवळ येऊन पडले, तर आपण पहिल्याने काय करतो? कांदा फोडून नाकाशी धरणे, तोंडावर पाणी मारणे हे मागाहून. आधी आपण नावाने हाक मारतो. ओ आली म्हणजे जीव भांड्यात पडतो. पण ती आलीच नाही तर? आणि एक दिवस नव्हे, वर्षानुवर्षे आली नाही तर? अशा माणसाशी बोलावयाचे कसे, आणि तो काही सांगत असेल तर ते ओळखावयाचे कसे, या प्रश्नालाही इतिहास आहे. त्यातले एक मोठे प्रकरण आपल्या परळात घडले. 'आपल्या' असे मुद्दाम म्हणतो. मुरुड-हर्णैकडे ज्या घरचे कोणीच मुंबईस नाही असे घर विरळा, आणि दुखणे इकडे हटेना म्हणजे कोकणचा माणूस के. ई. एम. रुग्णालयाची वाट धरतो.

ही कथा परिचारिकांची आहे, म्हणून थोडे मागे जातो. ज्या न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने 1875 मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, त्यांच्याच पत्नी रमाबाई यांनी 1909 नंतर पुण्याच्या सेवासदनातून परिचारिका तयार करण्याचे काम हाती घेतले. परक्याचे अंग पुसणे हे भल्या घरच्या बायकांचे काम नव्हे, असे तेव्हा लोक म्हणत. लोक काय म्हणतात याला किती किंमत द्यावी, हे मुरुडकरांना सांगावयास नको. 1893 मध्ये विधवेशी विवाह केला म्हणून अण्णासाहेब कर्व्यांवर याच गावाने बहिष्कार घातला होता. असो.

उत्तर कानडा जिल्ह्यातील हळदीपूरची अरुणा शानबाग ही तरुण परिचारिका के. ई. एम. मध्ये नोकरीस होती. 27 नोव्हेंबर 1973 रोजी रुग्णालयातल्याच एका सफाई कामगाराने तिच्यावर अत्याचार केला आणि कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळला. मेंदूला रक्त पोचले नाही. जीव राहिला, डोळे उघडत, झोप आणि जाग होई; पण दृष्टी गेली, वाचा गेली, आणि हाकेला ओ देणारी अरुणा उरली की नाही हे कोणास सांगता येईना. अशा अवस्थेला वैद्यकात नाव मिळून तेव्हा जेमतेम दीड वर्ष झाले होते. ग्लासगोचे ब्रायन जेनेट आणि न्यूयॉर्कचे फ्रेड प्लम यांनी 1972 मध्ये तिला वनस्पतिवत् अवस्था म्हटले. रोगी जागा असतो, पण त्याला भान असल्याची खूण दिसत नाही. हे नाव मला कधीच रुचले नाही. झाडाला कोणी नावाने हाक मारीत नाही.

परिचारिका मात्र मारीत राहिल्या. एका पिढीने दुसरीच्या हाती हे काम सोपविले. तिला दुसरीकडे हलविण्याचा घाट घातला गेला तेव्हा त्यांनी विरोध करून तो हाणून पाडला. इतक्या वर्षांत तिच्या अंगाला शय्याव्रण झाले नाही. ज्याने घरात अंथरुणाला खिळलेले माणूस सांभाळले आहे, त्याला याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

पुढे पत्रकार पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला की तिचे अन्न थांबवावे, तिला शांतपणे जाऊ द्यावे. त्या अर्जात तिला भान नाही असे म्हटले होते. रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांनी उत्तरात सांगितले की ती अन्न घेते, चेहऱ्याने प्रतिसाद देते, सांगितलेल्याला मधूनमधून आवाजाने उत्तर देते, आणि शौचाची वेळ झाली की असा आवाज काढते की परिचारिका तो ओळखतात. माणूस एकच, आणि दोन साक्षी इतक्या निराळ्या! न्यायालयाने म्हणूनच तीन डॉक्टर नेमले. त्यांनी सांगितले की ती मेंदूमृत नाही, बेशुद्ध नाही, पण वनस्पतिवत् अवस्थेची बहुतेक लक्षणे तिच्या ठायी आहेत.

मग परिचारिकांना ऐकू येत होते ते काय? देहाची नुसती खळबळ आणि तिला जोडलेली ममता? तसे असू शकते. ज्याच्यावर जीव जडला त्याच्या प्रत्येक हुंकारात आपण अर्थ शोधतो, ही फसगत खरी आहे. पण उलट फसगतही तितकीच खरी. 1996 साली अँड्र्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये वनस्पतिवत् ठरविलेले 40 रोगी नीट तपासले, तेव्हा त्यांतल्या 17 जणांचे निदान चुकले होते. 2006 मध्ये एड्रियन ओवेन यांनी पाच महिने निपचित असलेल्या एका तरुणीला चुंबकीय यंत्रात निजवून सांगितले, टेनिस खेळते आहेस अशी कल्पना कर. मग, आपल्या घरातून फिरते आहेस अशी कर. खेळाच्या कल्पनेने मेंदूचा हालचालींशी निगडित भाग उजळला, घराच्या कल्पनेने जागा ओळखणारा. अगदी धडधाकट माणसात उजळावे तसे. 2010 मध्ये याच रीतीने तपासलेल्या 54 रोग्यांपैकी 5 जणांनी असा प्रतिसाद दिला. त्यांतल्या एकाला ठरवून दिले: 'हो' म्हणावयाचे तर टेनिस, 'नाही' म्हणावयाचे तर घर. वडिलांचे नाव वगैरे सहा प्रश्न विचारले. पाचांची उत्तरे बरोबर आली, सहाव्याला मेंदू गप्प राहिला. अंथरुणाशी उभे राहून पाहणाऱ्याला त्याची एक पापणीही काही सांगत नव्हती.

यंत्र सर्वत्र नसते. अंथरुणाजवळची तपासणीही कसून करता येते, मात्र ती एकदाच करून भागत नाही. निरनिराळ्या दिवशी, रोगी जागा असताना, एका वेळी एकच गोष्ट सांगावयाची आणि उत्तराला पुरेसा अवकाश द्यावयाचा. डोळ्यांपुढे आरसा फिरवितात, कारण इतर वस्तूंपेक्षा स्वतःच्या चेहऱ्यामागे नजर लवकर वळते. अरुणेच्या बाबतीत आरशाचा उपयोग नव्हता. तिच्याशी जो व्यवहार व्हावयाचा तो कान, जीभ आणि त्वचा यांच्याच वाटेने, आणि या तिन्ही वाटा परिचारिकांनी रोज वापरल्या. माझ्या मते त्यांची साक्ष ही हळव्या मनाची कल्पना म्हणून सोडून देण्याजोगी नव्हती. ती इतकी वर्षे चाललेली, एकाच रोग्याची तपासणी होती.

7 मार्च 2011 रोजी न्यायालयाने निकाल दिला. ठरावीक बंधने पाळून उच्च न्यायालयाच्या संमतीने उपचार थांबविण्यास या देशात प्रथमच वाट मोकळी झाली. पण अरुणेच्या वतीने बोलण्याचा अधिकार मात्र अर्जदार लेखिकेला न देता रुग्णालयाच्या सेवकवर्गाला दिला, आणि त्यांना ती जगावयास हवी होती. 18 मे 2015 रोजी न्यूमोनियाने ती गेली. दर 1 जूनला परिचारिका तिचा वाढदिवस करीत. त्या वर्षीचा दोन आठवड्यांवर आला होता.