आयनाला दिसणारा कोन

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी तांब्याचे दोन नमुने आर्गॉन आयनांच्या झोताखाली एकाच कोनात ठेवले. वजनातली घट मात्र वेगवेगळी आली. महिनाभर मी करंट मोजणाऱ्या मीटरलाच दोष देत बसलो. खरा फरक पॉलिशमध्ये होता. तुम्ही संशोधनाच्या तयारीत आहात, म्हणून या फरकामागचा इतिहास सांगतो.

१८५२ साली विल्यम ग्रोव्ह यांनी विरळ वायूत विद्युत विसर्जन घडवलं, तेव्हा सुईसमोरच्या चकचकीत चांदीवर एक थर बसलेला त्यांना दिसला. आयनांच्या माऱ्याने धातूचे अणू उडतात, त्याला आज आपण स्पटरिंग म्हणतो. एक आयन सरासरी किती अणू उडवतो, तो आकडा म्हणजे स्पटरिंग यील्ड.

१९६९ मध्ये पीटर सिगमंड यांनी या यील्डचा सिद्धांत मांडला. आयनाची ऊर्जा पृष्ठभागाजवळ जितकी जास्त खर्च होते, तितके जास्त अणू सुटतात. म्हणून आयन तिरका आला की यील्ड वाढतं. फारच तिरका आला, तर तो नुसता घासून परत फिरतो आणि यील्ड कोसळतं.

पण हे झालं सपाट पृष्ठभागाचं. खडबडीत पृष्ठभागावर आयनाला तुमच्या होल्डरचा कोन कळत नाही. तो ज्या उतारावर आदळतो, त्याचाच कोन खरा. सरळ मारा केला तरी उतारावर तो तिरकाच पडतो, आणि यील्ड वाढू शकतं. उलट, उडालेले काही अणू शेजारच्या उंचवट्यावर अडकतात, मग यील्ड घटतं.

गंमत पुढेच आहे. खळगा शिखरापेक्षा लवकर झिजतो, म्हणजे मारा स्वतःच खडबडीतपणा वाढवतो, हे सिगमंड यांनीच १९७३ मध्ये दाखवलं. १९८८ मध्ये ब्रॅडली आणि हार्पर यांनी त्यात पृष्ठभागावर सरकणाऱ्या अणूंचा विचार जोडला. हे अणू खळगे बुजवू पाहतात. या ओढाताणीतून ठरावीक अंतराच्या लहरी उमटतात.

मग तुम्ही काय करायचं? मारा करण्याआधी आणि नंतर पृष्ठभाग मोजा. नुसता सरासरी खडबडीतपणा लिहून भागत नाही, कारण तोच आकडा असलेल्या दोन पृष्ठभागांचे उतार वेगळे असू शकतात. उतारही नोंदवा. माझा एक महिना गेला; तुमचा वाचेल.