अर्धवट राहिलेली मोटार आणि बुडालेला खर्च

एखाद्या घराच्या अंगणात ताडपत्रीखाली जुनी प्रीमियर पद्मिनी उभी असते. इंजिन उतरवलेले, दारे भिंतीला टेकवलेली, रंग निम्मा खरवडलेला. काम पुरे करणार का, असे मालकाला विचारले की तो म्हणतो, "इतके पैसे घातले, आता सोडून कसे चालेल?" हा विचार कितपत बरोबर आहे?

सोलापूरकरांना ही मोटार जवळची वाटावी. ती बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला. कंपनी १९४४ मध्ये स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली मोटार बाहेर पडली. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. फियाट ११०० या मोटारीलाच १९७४ च्या सुमारास 'पद्मिनी' हे नाव मिळाले. २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची टॅक्सीही गेली. त्यामुळे अशी मोटार जपावीशी वाटणे स्वाभाविक आहे. पण इच्छा आणि हिशेब वेगळे ठेवले पाहिजेत.

समजा, आतापर्यंत १,२०,००० रुपये खर्च झाले आहेत. उरलेल्या कामाला १,८०,००० लागतील. तयार मोटारीचे २,००,००० येतील आणि आहे त्या स्थितीत विकली तर ४०,००० मिळतील. म्हणजे काम पुरे केल्याने किंमत १,६०,००० रुपयांनी वाढेल, पण त्यासाठी १,८०,००० मोजावे लागतील. तोटा २०,०००. उरलेले काम १,५०,००० रुपयांत होणार असेल, तर मात्र ते पुरे करणे १०,००० रुपयांच्या फायद्याचे आहे, मग एकूण खर्च मोटारीच्या किमतीपेक्षा जास्त झाला तरी हरकत नाही. या दोन्ही हिशेबांत आधीचे १,२०,००० रुपये कोठेच आले नाहीत, कारण आपण काहीही ठरवले तरी ते परत येणार नाहीत. अर्थशास्त्रात यालाच 'बुडीत खर्च' म्हणतात.

मोठमोठी सरकारेही या बाबतीत चुकली आहेत. ब्रिटन आणि फ्रान्स यांनी १९६२ मध्ये कॉंकर्ड विमानाचा करार केला. खर्च अंदाजाच्या कितीतरी पट वाढला, तरी काम चालूच राहिले. अवघी २० विमाने बनली आणि २००३ मध्ये ती सेवेतून गेली. म्हणून या चुकीला 'कॉंकर्डचा भ्रम' असेही नाव पडले.

याच्या उलट उदाहरण वालचंदांच्याच चरित्रात सापडते. १९१९ मध्ये त्यांनी भागीदारांसह 'लॉयल्टी' हे जुने जहाज घेतले. १८९१ साली प्रवासी जहाज म्हणून सेवेत आलेले हे जहाज पहिल्या महायुद्धात रुग्णालय-जहाज झाले होते. ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून इंग्लंडला निघाले. त्या दिवसाची आठवण म्हणून आजही राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो. एवढा मान मिळालेले जहाज १९२३ मध्ये मोडीत निघाले. त्यांची सिंदिया कंपनी मात्र टिकली आणि वाढली.

मोटारीच्या बाबतीत खरी अडचण उरलेल्या खर्चाचा अंदाज बांधण्याची असते. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चॅसी नाही. जोडलेला पत्राच सांगाड्याचे काम करतो. त्यामुळे दारांखालच्या पट्ट्या आणि तळ गंजले असतील, तर ते केवळ रंगकाम राहत नाही. सोलापूरच्या कोरड्या हवेत पत्रा मुंबईपेक्षा बरा राहतो, पण उन्हाने रबरी भाग कडक होऊन तडकतात. म्हणून आधी तळ खरवडून पाहावा आणि मगच आकडा मांडावा.

आजोबांच्या मोटारीला बाजारभावापलीकडचे मोल असते, हे खरे. ते मोलही हिशेबात जरूर धरावे. वरच्या उदाहरणात प्रश्न एवढाच उरतो, की या आठवणीसाठी आपण आज आणखी २०,००० रुपये द्यायला तयार आहोत का?

वर्गात फळ्यावर 'झालेला खर्च' आणि 'होणारा खर्च' असे दोन रकाने करावेत. पहिला रकाना पुसून टाकावा आणि मग मुलांना निर्णय घ्यायला सांगावे.