नास्तिक

ऑकलंडच्या टाकानिनी उपनगरात मोठा गुरुद्वारा आहे, तिथे लंगरला पंगती उठतात. न्यूझीलंडच्या २०२३ च्या जनगणनेत मात्र ५१.६ टक्के लोकांनी ‘धर्म नाही’ असे नोंदवले. त्यांना सरसकट नास्तिक म्हणावे? पाणिनीच्या सूत्रानुसार ‘नास्ति’ अशी ज्याची मती, तो नास्तिक. काय नाही? त्या सूत्रांवरची काशिकावृत्ती सांगते, परलोक. मनुस्मृतीने वेदनिंदकावर हा शिक्का मारला. म्हणून निरीश्वर सांख्य आस्तिक आणि जैन-बौद्ध नास्तिक, अशी गंमत! या शब्दाच्या अर्थात देव मागाहून आला. न्यूझीलंडमधले सरकारी प्राथमिक शिक्षण १८७७ च्या कायद्यानेच धर्मनिरपेक्ष झाले; पुढे पिढ्यांगणिक चर्चची सवय सुटत गेली. ‘धर्म नाही’ म्हणणाऱ्यांतल्या अनेकांनी ‘नास्ति’ म्हणण्याइतका वादही घातला नसावा. त्यांच्यासाठी ‘निधर्मी’ हा शब्द बरा.