दुधाच्या दातांची कैवारी : डॉ. एव्हँजेलिन जॉर्डन

१/ दुधाचा दात किडला, तर तो भरून घ्यावा की पडू द्यावा? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बहुतेक आईवडिलांचे, आणि अनेक दंतवैद्यांचेही, उत्तर एकच असे : जो दात पडणारच आहे, त्यावर खर्च कशाला? या समजुतीविरुद्ध आयुष्य वेचणाऱ्या एका स्त्रीची ही कथा.

२/ त्या काळातील दंतवैद्याची खोली डोळ्यांसमोर आणावी. पायाने चालवायच्या कोरणयंत्राचे पेटंट १८७१ मध्ये घेतले गेले. बधिर करणारे नोव्होकेन आले १९०५ च्या सुमारास. तोपर्यंत मूल दंतवैद्याकडे जाई ते बहुधा वेदना असह्य झाल्यावरच, आणि उपचार म्हणजे दात उपटणे. पहिल्याच भेटीत बसलेली ही दहशत मग जन्मभर पुरे.

३/ मिनी एव्हँजेलिन जॉर्डन यांचा जन्म १८६५ चा. पुढच्याच वर्षी ल्युसी हॉब्स या दंतवैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या अमेरिकन स्त्री ठरल्या. म्हणजे जॉर्डन ज्या वाटेने जाणार होत्या, ती वाट त्यांच्याच वयाची होती.

४/ आरंभी त्या शाळेत शिक्षिका होत्या. मुलांशी कसे बोलावे, हे त्या वर्गात शिकल्या. दंतवैद्यक नंतर आले. १८९८ मध्ये त्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाची पदवी घेतली आणि लॉस एंजेलिसमध्ये व्यवसाय मांडला. १९०९ पासून त्यांनी केवळ मुलांवरच उपचार करण्याचे ठरवले. हट्टी, रडणारे, पैसे कमी देणारे रुग्ण म्हणून ज्यांना इतर टाळत, त्यांनाच त्यांनी आपले मानले.

५/ यामागे केवळ माया नव्हती, शास्त्रही होते. दुधाचे दात वीस. त्यांचे कवच पातळ आणि आतली नस तुलनेने मोठी, म्हणून कीड नसेपर्यंत लवकर पोचते. शिवाय हे दात खालून येणाऱ्या कायमच्या दातांसाठी जागा राखून ठेवतात. दुधाची दाढ अकाली काढली, की शेजारचे दात सरकतात आणि नव्या दाताची वाट अडते.

६/ आणखी एक फसगत ठरलेली. पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या वर्षी येते, तीही कोणताही दात न पडता, सर्वांच्या मागे. पालक तिला दुधाचीच समजतात आणि दुर्लक्ष करतात. जन्मभर पुरायची दाढ अशी बालपणीच गमावली जाते.

७/ म्हणूनच जॉर्डन यांचा भर घरावर होता. मूल दुखण्याआधी दंतवैद्याकडे यावे, आईचे दूध मिळावे, साखर बेताने दिली जावी, असा आग्रह त्यांनी धरला. उपचार मुलावर होई. शिकवण मात्र सबंध कुटुंबासाठी असे.

८/ १९२१ मध्ये अमेरिकेतील महिला दंतवैद्यांची संघटना उभी राहिली. तिच्या पहिल्या अध्यक्ष जॉर्डनच. १९२० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी मुलांच्या दंतोपचारांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. या विषयावरील आद्य पाठ्यग्रंथांत त्याची गणना होते. १९२७ मध्ये बालदंतोपचारांच्या प्रसारासाठी अमेरिकेत स्वतंत्र संस्था निघाली. एकटीने धरलेला आग्रह आता एक विद्याशाखा होऊ लागला होता.

९/ १९४५ मध्ये ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात फ्लुराइड मिसळण्यास आरंभ झाला. कीड होण्याआधीच रोखावी, हा विचार आता सार्वजनिक धोरणापर्यंत पोचला. १९५२ मध्ये जॉर्डन यांचे निधन झाले.

१०/ आज बालदंतवैद्य सांगतात : पहिला दात दिसताच, उशिरात उशिरा पहिल्या वाढदिवसापर्यंत, बाळाला दाखवून आणावे. हा सल्ला आता साधा वाटतो. पण खुर्चीत निर्धास्तपणे बसलेले मूल, ही इतिहासाने सहज दिलेली देणगी नव्हे. ‘पडणाऱ्या’ दातालाही मोल आहे, हे आधी कुणीतरी मोठ्यांना पटवून द्यावे लागले होते.