शेजाऱ्याची मांजर वाफे उकरते, कोंबडीची पिल्लं नेते? कायद्यात राहून एवढं करा

मेथी टाकली, वरून हलकी माती सारली, पाणी दिलं. दोन दिवसांनी सकाळी जाऊन पाहावं तर वाफ्याच्या मधोमध खड्डा, बी इकडेतिकडे उडालेलं आणि खाली मातीत झाकलेली घाण. परसबाग करणाऱ्या बहुतेक घरांत हा अनुभव आहे. मग शिव्या सुरू होतात, शेजारी रुसतो, आणि कुणीतरी सल्ला देतं, "दुधात कालवून ठेवा काहीतरी."

हे शेवटचं आधी बोलू, कारण नुकसान तिथंच होतं. आमच्या वाडीवर काही वर्षांपूर्वी एकाने बोक्यासाठी दुधात औषध कालवून गोठ्यामागे ठेवलं होतं. बोका वाचला. त्याच्याच घरची राखणीची कुत्री सकाळी मेलेली सापडली. घरात रांगणारं पोर होतं, वाटी त्याच्या हाताला लागली नाही एवढंच नशीब.

कायदा काय म्हणतो

मांजर मारली तर काशीला सोन्याची मांजर द्यावी लागते, असं जुनी माणसं सांगायची. आताचा हिशेब वेगळा आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 प्रमाणे कोणत्याही जनावराला मारणं, विष घालणं किंवा लुळंपांगळं करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. जुन्या कायद्यात जनावराची किंमत किती हे पाहिलं जायचं, आता ती अट राहिलेली नाही. म्हणजे "मांजरच तर होती" हे ठाण्यात चालत नाही. याशिवाय प्राण्यांच्या छळाबद्दलचा 1960 चा कायदा आहेच. त्यातला पहिल्या वेळचा दंड 10 ते 50 रुपये, ऐकून हसू येतं, पण त्या दंडाच्या भरवशावर राहू नका.

फोरेट, ज्याला गावाकडे आपण थिमेट म्हणतो, त्याच्यावर 2020 च्या अखेरीपासून देशात बंदी आहे. अजून कुणाच्या माळ्यावर जुनी पिशवी पडलेली असते. ती मांजरासाठी बाहेर काढली तर दोन गुन्हे एकदम डोक्यावर येतील.

दुसरा गावठी उपाय म्हणजे मांजर पोत्यात घालून दहा-बारा किलोमीटरवर सोडून येणं. पाळलेली मांजर ही मालकाची वस्तू धरली जाते, परस्पर उचलून नेली तर चोरीची तक्रार होऊ शकते. शिवाय बऱ्याच मांजरी परत येतात. आणि कुंपणात घरची लाईट सोडायचा विचारही नको. त्यात मांजर मरो न मरो, माणसं मेलेली आपण बातम्यांत वाचतोच. रानडुकरासाठीचं झटका मशीन वेगळं, तेही लेकरं खेळतात त्या परसात नको.

मांजर येते कशाला

मांजराला तुमची मेथी नको असते. तिला हवी असते कोरडी, भुसभुशीत, उघडी माती, म्हणजे नुकताच कुदळलेला वाफा. तिथं घाण करून झाकायला सोपं जातं. म्हणून वाफा पानांनी झाकला गेला की ती तिकडे फिरकत नाही. मेथी तीन ते पाच दिवसांत उगवते, कोथिंबिरीला आठ-दहा दिवस लागतात. त्यापुढे रोप वीतभर होऊन माती झाकेपर्यंतचा काळ सांभाळायचा. सगळी राखण तेवढ्याच दिवसांची आहे, वर्षभराची नाही.

त्या दिवसांसाठी सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे कोंबडीची जाळी. वाफ्याच्या आकाराची जाळी मातीवर सपाट अंथरा आणि कडांना दगड ठेवा. रोपं भोकांतून वर येतात, मांजराच्या पंजाला मात्र माती लागत नाही. मेथी उपटून काढायची असल्याने रोप दोन बोटं झालं की जाळी उचला, नाहीतर काढताना पानं फाटतात. जाळी नसेल तर तुराट्या किंवा पऱ्हाट्या आडव्या-उभ्या अंथरा, मधे चार बोटांपेक्षा जास्त मोकळी जागा ठेवू नका. बाभळीचे काटे वाफ्यात टाकणारे आहेत, पण पुढे खुरपताना ते आपल्याच हातात शिरतात. काट्या कुंपणालाच बऱ्या. जुनं शेडनेट आडव्या काड्यांवर ताणलं तरी चालतं, उन्हाळ्यात त्याचा दुहेरी फायदा.

पाणी संध्याकाळी द्या. ओली माती मांजराला आवडत नाही आणि ती फिरते रात्री. वांगी, मिरचीच्या बुडाशी नारळाच्या शेंड्या किंवा जाड खडी टाकली तरी ती जागा सोडते.

आपणच तिला बोलावत नाही ना, हेही पाहा. मासळी धुतलेलं पाणी गुलाबाला घालणं, गूळ-मासळीचा अर्क फवारणं, अंड्याची टरफलं उघडी टाकणं, या सगळ्याचा वास तिला लांबून येतो. अर्क घालायचा तर मातीत खोल घाला आणि वरून माती ओढा. घरात उंदीर असतील तर मांजर येणारच, तेव्हा धान्याची पोती आधी पाहा.

आता जे करू नये ते. डांबराच्या गोळ्या वाफ्यात टाकू नका, त्या विषारी असतात आणि लहान मुलं गोड समजून तोंडात घालतात. फिनेल मांजराच्या अंगाला लागलं की ती चाटते आणि तिच्या शरीराला ते पचत नाही, हेही विष घातल्यासारखंच. मिरचीपूड वाऱ्याने आपल्याच डोळ्यांत येते. संत्र्या-लिंबाच्या सालींचा वास मांजराला नको असतो, पण दोन-तीन दिवसांत साली वाळतात आणि काम संपतं. ओट्यावर ठेवतात त्या लाल-निळ्या पाण्याच्या बाटल्या मी महिनाभर ठेवून पाहिल्या. मांजर बाटलीला अंग घासून गेली.

पिल्लांचं काय

वाफा परत टाकता येतो, पिल्लू गेलं ते गेलं. कोंबडीची पिल्लं पहिला दीड-दोन महिना दिवसा डालग्याखाली आणि रात्री खुराड्यातच हवीत. डालग्यावर दगड ठेवा, बोका नुसतं डालगं पंजाने उलथवतो. खुराड्याला बारीक भोकाची जाळी लावा. मोठ्या भोकातून पंजा आत जातो.

आणि एक. रात्री खुराडं फोडणारी दरवेळी शेजारच्यांचीच मांजर असते असं नाही. रानमांजर, उदमांजर, मुंगूसही येतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली या सगळ्यांना संरक्षण आहे, त्यांना फास लावला तर प्रकरण वन विभागाकडे जातं. असा प्राणी घरात किंवा विहिरीत अडकला तर 1926 या वन विभागाच्या नंबरवर फोन करा.

शेजाऱ्याशी कसं बोलायचं

भांडायला नको, मागायला जा. "वहिनी, तुमच्या बोक्याने वाफा उकरला" यापेक्षा "वहिनी, त्याच्या गळ्यात घुंगरू बांधाल का, माझी पिल्लं सावध होतील" हे लवकर ऐकलं जातं. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, त्याचं उत्तर मालकानेच. पट्ट्यात दोन बोटं सहज जावीत आणि पट्टा ताणला जाणारा असावा, नाहीतर फांदीत अडकून फास बसतो.

दुसरी विनंती नसबंदीची करा. बोक्याची नसबंदी केली की त्याचं भटकणं, भांडणं आणि कोपऱ्याकोपऱ्यात मुतणं बरंच कमी होतं. भाटीचं तर दोन महिन्यांत वेत येतं, एकीच्या पाच व्हायला वेळ लागत नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा, खर्च निम्मा-निम्मा वाटून घेतला तर शेजारीही तयार होतो. तरी ऐकलं नाही तर पोलीस पाटील किंवा तंटामुक्त समिती. तिथं तक्रार नुकसानीची करा, मांजराची नाही.

आरोग्याचं थोडं

वाफ्यातली मांजराची घाण रोजच्या रोज खुरप्याने काढून लांब पुरा. तिच्यात टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी असू शकतो, आणि घाण पडल्यावर एखाद-दोन दिवसांनी तो लागण करायच्या अवस्थेत येतो. गरोदर बाईने हे काम करू नये, मातीत हात घालायचाच तर हातमोजे घालावेत. त्या वाफ्यातली पालेभाजी दोन-तीन पाण्यांनी धुवा. मांजर चावली किंवा बोचकारून रक्त आलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना काही भरू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. रेबीज मांजरापासूनही होतो. लसीचे डोस डॉक्टर देतील त्या तारखांना सगळे घ्या.

आमच्याकडे शेवटी काय झालं ते सांगतो. शेजारच्या वहिनींनी त्यांच्या परसात चुलीमागे फुटक्या घमेल्यात वाळू टाकून ठेवली, कोरडी, आडोशाला. चार-पाच दिवसांत मांजर तिकडे जायला लागली. पावसात वाळू भिजली की ती अजून माझ्याकडे येते, म्हणून पावसाळ्यात जाळी काढत नाही.