निरीश्वर नीतीचे अधिष्ठान : आगरकरांची भूमिका आणि ‘गीतारहस्या’तील आक्षेप

ईश्वराचे अस्तित्व न मानणाऱ्या मनुष्यास नीतिनियम बंधनकारक का वाटावेत, हा प्रश्न तत्त्वज्ञानात जुनाच आहे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत महाराष्ट्रात तो केवळ पंडितांच्या वादाचा राहिला नाही. मुलीचे लग्न कोणत्या वयात करावे, विधवेचे केशवपन करावे की नाही, अशा रोजच्या आचाराच्या प्रश्नांशी तो जोडला गेला. हे घडवून आणण्यात गोपाळ गणेश आगरकर (१८५६–१८९५) यांचा वाटा सर्वांत मोठा होता. म्हणून त्यांच्या भूमिकेची परीक्षा करणे म्हणजे या प्रश्नाचीच परीक्षा करणे होय.

आरंभी ‘नास्तिक’ या शब्दाचा इतिहास ध्यानात घेतला पाहिजे. पाणिनीने (४.४.६०) ‘आस्तिक’, ‘नास्तिक’ आणि ‘दैष्टिक’ हे तीन शब्द एकत्र सिद्ध केले आहेत. काशिकाकारांच्या मते यांतील ‘अस्ति’ आणि ‘नास्ति’ यांचा संबंध परलोकाशी आहे, ईश्वराशी नाही. मनुस्मृतीत (२.११) वेदाची निंदा करणारा तो नास्तिक ठरतो. म्हणजे ईश्वर न मानणे हा या शब्दाचा मूळ अर्थ नव्हे. पूर्वमीमांसकांना जगाचा कर्ता ईश्वर मान्य नव्हता, तरीही वेदप्रामाण्यामुळे ते आस्तिकच गणले गेले. त्यांच्या मते धर्म हा विधिवाक्यातून कळतो, आणि ते वाक्य अपौरुषेय असल्यामुळे आज्ञा आहे पण आज्ञा देणारा कोणी नाही. जैन आणि बौद्ध परंपरांनीही सृष्टिकर्त्यावाचून कडक आचारधर्म उभारला. तेव्हा नीतीला ईश्वराचा आधार हवाच, हे मत भारतीय विचारात सर्वमान्य कधीच नव्हते.

मात्र येथे एक भेद करणे अवश्य आहे. या सर्व दर्शनांनी ईश्वराला वगळले तरी कर्मविपाक आणि पुनर्जन्म यांना वगळले नाही. दुष्कृत्याचे फळ चुकत नाही, ही हमी ईश्वराऐवजी कर्माच्या नियमाने दिली. आधुनिक निरीश्वरवादापुढील अडचण याहून कठीण आहे. त्याला ईश्वरही नको आणि कर्मफलाची हमीही नको. प्राचीन दर्शनांचा दाखला त्याला म्हणूनच अर्धाच उपयोगी पडतो.

आगरकरांनी ही अडचण पत्करली. डेक्कन कॉलेजात असताना त्यांच्यावर मिल्ल आणि स्पेन्सर यांच्या ग्रंथांचा खोल संस्कार झाला. तेथेच त्यांचा टिळकांशी स्नेह जुळला. १८८२ मध्ये दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस बरोबर काढले. पुढे मतभेद वाढले. १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’चे संपादकत्व सोडले आणि ऑक्टोबर १८८८ मध्ये ‘सुधारक’ सुरू केला. काटेकोर भाषेत बोलायचे तर त्यांची भूमिका नास्तिक्यापेक्षा अज्ञेयवादाला अधिक जवळची आहे. परंतु नीतीच्या उपपत्तीत ईश्वराला स्थान न देणे, या बाबतीत दोहोंत व्यवहारतः फरक राहत नाही. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजातील रानडे, भांडारकर प्रभृतींची सुधारणा ईश्वरनिष्ठेवर उभी होती. आगरकरांनी सुधारणेचा पक्ष घेतला, पण तो आधार घेतला नाही.

‘देवतोत्पत्ति’सारख्या लेखांत त्यांनी देवतांच्या कल्पनांचा उगम मानवी अनुभवात आणि भयात शोधला. धर्मकल्पना मनुष्यानेच घडविल्या असतील, तर त्यांतून आलेले आचारही मनुष्याने तपासावेत, हे त्यातून निघणारे अनुमान होय. आचाराची कसोटी एकच : तो ज्यांच्यावर लादला जातो त्यांच्या सुखदुःखावर त्याचा परिणाम काय होतो?

१८९१ च्या संमतिवयाच्या वादात ही कसोटी प्रत्यक्ष उतरली. संमतीचे वय १० वरून १२ वर नेणारा तो कायदा होता. टिळकांनी त्यास विरोध केला. भांडारकरांनी धर्मशास्त्रातील वचने देऊन पाठिंबा दिला. आगरकरांच्या दृष्टीने वचन अनुकूल की प्रतिकूल हा प्रश्नच दुय्यम होता. बालवधूच्या देहाला होणारी इजा ही शास्त्रार्थाने कमी किंवा अधिक होत नाही.

या भूमिकेवरील सर्वांत समर्थ आक्षेप आगरकरांच्या निधनानंतर वीस वर्षांनी, १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त सापडतो. मिल्ल आणि स्पेन्सर यांच्या मार्गाला टिळकांनी ‘आधिभौतिक’ म्हटले आहे. पुष्कळांचे पुष्कळ सुख हे माप बाह्य परिणामाचे आहे आणि त्यावरून कर्त्याच्या बुद्धीची शुद्धता कळत नाही, हा एक आक्षेप. मनुष्याने स्वतःचे सुख सोडून परक्याचे हित का साधावे, याचे उत्तर सुखवादाला देता येत नाही, हा दुसरा. टिळकांचे स्वतःचे उत्तर सर्वांभूती एकच आत्मा आहे, या अध्यात्मसिद्धांतात आहे.

दुसरा आक्षेप खरोखर मर्मभेदक आहे. सहानुभूती समाजाच्या विकासात वाढत गेली, असे स्पेन्सरला अनुसरून सांगता येईल. पण ती वाढली यावरून ती वाढवावी असे निष्पन्न होत नाही. सिजविक या सुखवादी पंडितानेच १८७४ मध्ये स्वहित आणि सर्वहित यांचा हा पेच अनिर्णित असल्याचे मान्य केले होते. आगरकरांच्या लेखनात त्याची समाधानकारक सोडवणूक नाही. एम. ए. झाल्यावर त्यांनी अल्प वेतनावर शिक्षकी पत्करली. पण एका मनुष्याचा त्याग हा सिद्धांताचा पुरावा होत नाही.

तथापि ‘गीतारहस्या’तील एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. टिळकांनीही नीती ईश्वराच्या आज्ञेवर किंवा नरकाच्या भयावर उभी केलेली नाही. सदसद्विवेकाला अंतःकरणातील देवता मानणारा ‘आधिदैवत’ पक्षही त्यांना अपुरा वाटला. म्हणजे देव शिक्षा करील म्हणून सदाचार, ही लोकरूढ उपपत्ती दोघांनाही त्याज्यच होती. मतभेद उरतो तो ईश्वर आणि निरीश्वर यांत नव्हे, तर आत्मैक्य आणि सहानुभूती यांत.

आज्ञा देणाऱ्यावाचून नियम बंधनकारक कसा होतो, याचे एक उदाहरण आगरकरांच्या दुसऱ्या आवडीच्या विषयात आहे. ‘वाक्यमीमांसा’ हा त्यांचा ग्रंथ मराठी वाक्यरचनेवर आहे. मराठीत कर्ता आणि क्रियापद यांचा मेळ कसा असावा, हे कोणत्याही राजाने ठरविले नाही. तरी तो नियम मोडणाऱ्याची चूक मराठी बोलणाऱ्या कोणासही कळते. मात्र हा दृष्टांत एका मर्यादेपर्यंतच चालतो. मराठीचे व्याकरण कानडीच्या व्याकरणाला चूक म्हणत नाही. नीती मात्र रूढ आचारालाही अन्याय्य म्हणू शकते, आणि सुधारकाचे सारे कार्य याच अधिकारावर अवलंबून असते. व्यवहारातून जन्मलेला नियम त्याच व्यवहाराला दोषी कसा ठरवितो, याचा खुलासा केवळ रूढीच्या उपपत्तीतून होत नाही. त्यासाठी दुःखाची कसोटी लागते.

याप्रमाणे पाहता नीतीचे प्रमाण आणि नीतीची प्रेरणा हे दोन प्रश्न वेगळे केले पाहिजेत. प्रेरणेच्या बाबतीत टिळकांचा आक्षेप अद्याप निरुत्तर आहे. प्रमाणाच्या बाबतीत मात्र आगरकरांची बाजू बळकट ठरते. १८९१ मध्ये ईश्वर मानणारे विद्वान दोन्ही बाजूंस होते. त्यांच्या समान श्रद्धेने दहा की बारा हा निर्णय दिला नाही. तो द्यावयाचा तर त्या मुलीचे काय होते, हे पाहणे भाग होते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ ते १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून संततिनियमनाचा पुरस्कार केला, तोही शास्त्राधारावर नव्हे, तर स्त्रीचे आरोग्य आणि दुसऱ्यास होणारी इजा यांच्या विचारावर. निरीश्वर नीती अखेरचे ‘का’ सांगू शकली नसेल. परंतु कोणाला आणि किती इजा होते, हा प्रश्न टाळण्याची सवड तिने कोणत्याही पक्षाला ठेवली नाही, हे तिचे ऐतिहासिक कार्य होय.