काठमांडूची एकच धावपट्टी

भूकंप, महापूर किंवा वादळ यांच्या वार्तेपाठोपाठ हल्लीं दुसरीही एक वार्ता कानीं येते: अमुक देशाचीं विमानें मदत घेऊन निघालीं. ती ऐकून आपण सुटकेचा निःश्वास टाकतों. पण विमान निघणें आणि मदत पोहोंचणें यांत केवढें अंतर असतें, तें नेपाळनें २०१५ सालीं अनुभविलें.

त्या वर्षीं २५ एप्रिल रोजीं, शनिवारीं, मध्यान्हाच्या थोडें आधीं ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारें ९,००० माणसें मृत्युमुखीं पडलीं. डोंगरांतील वाटा दरडींनीं बुजल्या. भारतीय हवाई दलाचें हर्क्युलिस विमान त्याच सायंकाळीं काठमांडूस उतरलें आणि मागोमाग देशोदेशींच्या विमानांची रीघ लागली. परंतु त्या साऱ्यांस उतरावयास धावपट्टी होती एकच, सुमारें ३ किलोमीटर लांबीची. या जागेचें जुनें नांव गौचर, म्हणजे आपलें गायरान! त्या गायरानावर आतां दोन-दोनशें टनांचीं धुडें उतरूं लागलीं. त्यांना उभें करावयास जागा मोजक्या. एक विमान रिकामें होऊन हलेपर्यंत दुसऱ्यानें आकाशांत घिरट्या घालाव्या. कित्येक तर तशींच परत फिरलीं.

माल उतरविण्याचें काम तरी काय सोपें असतें? हर्क्युलिसचा मागील दरवाजा खालीं पडला कीं त्याचा तळ मालमोटारीच्या तळाशीं जवळजवळ समपातळींत येतो. चार माणसें पोतीं ओढून काढूं शकतात. पण बोइंग ७४७ सारख्या मालवाहू विमानाचा तळ जमिनीपासून सुमारें १६ फूट उंच. त्यांतील, जाळ्यांनीं आवळलेला अवजड माल खालीं आणावयास उचलयंत्र हवें, पुढें हलवावयास फोर्कलिफ्ट हवी, ती चालविणारा हवा. आणि तो बिचारा स्वतःच भूकंपांत बेघर झालेला असावयाचा! मदत पाठविणाऱ्यांस तंबू आठवतात, औषधें आठवतात. उचलयंत्र फारच थोड्यांस आठवतें.

ही अडचण कोणाच्या ध्यानींमनीं नव्हती असें मात्र नाहीं. अवघा एक महिना आधीं, मार्च २०१५ मध्यें, जागतिक अन्न कार्यक्रमानें याच विमानतळावर मदतीचा माल उतरवून घेण्याचें व साठविण्याचें ठाणें उघडलें होतें. माझ्या मतें त्या संकटांत कोणत्याही एका विमानापेक्षां या ठाण्याचें मोल अधिक ठरलें. त्याच मार्चमध्यें धुक्यांत घसरलेल्या एका तुर्की प्रवासी विमानानें ही धावपट्टी सुमारें चार दिवस अडविली होती, आणि तें हलविण्याचें साहित्यही भारतांतून विमानानेंच न्यावें लागलें होतें. भूकंपानंतर तर धावपट्टीच भारानें उखडूं लागली. ३ मे रोजीं १९६ टनांहून अधिक वजनाच्या विमानांस तेथें उतरण्याची बंदी करण्यांत आली.

काठमांडूच्या पुढची मजल हेलिकॉप्टरांची. ब्रिटननें तीन चिनूक धाडलीं. तीं भारतापर्यंत आलीं, पण त्यांच्या पात्यांच्या झोतानें उरलींसुरलीं घरेंही पडतील या भीतीनें नेपाळनें तीं नाकारलीं. १२ मे रोजीं ७.३ तीव्रतेचा दुसरा मोठा धक्का बसला. त्याच दिवशीं मदतकार्यावरील एक अमेरिकी हेलिकॉप्टर डोंगरांत कोसळून १३ जण प्राणांस मुकले.

आणि जेथें हेलिकॉप्टरासही टेकावयास जागा मिळेना, तेथें जागतिक अन्न कार्यक्रमानें हजारों भारवाहक व खेचरें कामास लाविलीं. समुद्रापलीकडून विमानानें आलेला माल अखेर एरवीं गिर्यारोहकांचीं ओझीं वाहणाऱ्या माणसांच्या पाठीवरून एकेक चढण चढत वर गेला.